गेमिंगचा पीसी: घरी जोडायचा, दुकानात जोडून घ्यायचा, की तयार आणायचा?

दिवाळीच्या तोंडावर मला एक तरी फोन येतोच. "दादा, गेमिंगचा पीसी घ्यायचाय. पार्ट आणून घरी जोडू की दुकानदारालाच जोडायला सांगू?" विचारणाऱ्याला वाटत असतं की प्रश्न पैशांचा आहे. तसा तो फारसा नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सगळे पार्ट एकाच दुकानातून घेतले, तर जोडून द्यायचे हजार-दोन हजार घेतात, कधी तेही सोडतात. म्हणून मी उलट विचारतो: बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळाच राहिला, तर दोष शोधायला कोण बसणार?

घरी जोडणं म्हणजे स्क्रू फिरवायचं अर्ध्या दिवसाचं काम. भीती वाटावी अशी जागा एकच, प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची त्याची बैठक. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असत. त्यांच्याच एएम५ आणि इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये त्या मदरबोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर तिरका टेकला की दोन-चार वाकतात, आणि वाकलेली पिन वॉरंटीत सहसा बसत नाही. तो नुसता अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मग खटका खाली ओढताना करकर आवाज येतो, जोरही लागतो. तेवढा लागतोच.

खरी परीक्षा पहिल्यांदा चालू करताना. माझ्या भाच्याने एएम५ चा पीसी जोडला आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन आला नाही म्हणून तीनदा बंद केला. चौथ्यांदा मी त्याला चहा करायला पाठवलं. डीडीआर५ रॅम पहिल्या खेपेला मदरबोर्डशी जुळवून घेते, त्यात काही मिनिटं जातात. तो चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीन आला होता.

तेवढं थांबूनही आला नाही, तर आधी फुकटातले दोष बघा. एचडीएमआयची केबल मदरबोर्डला लावली आहे का? ती ग्राफिक्स कार्डाला हवी. १२४००एफ किंवा ७५००एफ अशा 'एफ'वाल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची आठ पिनांची केबल राहिली आहे का? वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे ती हमखास विसरते. रॅम 'टक' होईपर्यंत बसली आहे का? बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे शोधायचं.

एवढं करून भागलं नाही, की घरच्या जोडणीची लंगडी बाजू दिसते. पुढचा उपाय म्हणजे दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावून बघणं, आणि आपल्याकडे प्रत्येक वस्तू एकेकच असते. दुकानदार फळीवरची रॅम काढतो आणि पाच मिनिटांत निकाल लावतो. तुम्ही मात्र खोकं घेऊन लोकलने त्याच दुकानात, नाहीतर सर्व्हिस सेंटरला. घरच्या आणि दुकानच्या जोडणीत मला मोठा वाटणारा फरक हाच.

पण दुकानात 'चालू आहे' याचा अर्थ विंडोज आलं, एवढाच असतो. एका मित्राचा दुकानात जोडलेला पीसी मी उघडला, तर रॅमच्या दोन्ही काड्या शेजारी-शेजारी. त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, नाहीतर दोन वाटांचं काम एकाच वाटेने होतं. शिवाय बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्स्पो बंद, त्यामुळे ६००० च्या वेगाची रॅम ४८०० वर चाललेली. गडी वर्षभर ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होता. बिघाड असा काहीच नव्हता, फक्त कोणी बघितलं नव्हतं. घरी जोडणारा निदान मॅन्युअल तरी उघडतो.

दुकानाच्या कोटेशनमध्ये दोन ओळी नीट वाचा. नुसतं 'एसएमपीएस ६५० वॅट' चालणार नाही. कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, कारण काटछाट होते ती तिथेच. दुसरी ओळ प्रोसेसरची: खोक्यातला आहे की ट्रेमधला, म्हणजे कंपनीच्या खोक्याशिवाय सुटा विकलेला? ट्रेचा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याकडे मागावी लागते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले बरेच प्रोसेसर गेममध्ये कोसळू लागले. कित्येकांना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, म्हणून लोक ग्राफिक्स कार्ड बदलून बघत होते, आणि दोष होता प्रोसेसरला जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये. इंटेलने बायॉससाठी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा खोक्यातला प्रोसेसर घेतलेल्यांना सरळ कंपनीकडे जाता आलं.

तयार ब्रँडेड पीसीबद्दल थोडक्यात. तंत्रज्ञ घरी येतो, ही त्याची खरी किंमत. जवळचं मोठं दुकान चार तासांवर असेल तर ती मोजावी, फक्त तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा आहे का हे पैसे भरण्याआधी विचारा. काही कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस स्वतःच्याच मापाचे घालतात. तीन वर्षांनी मोठं ग्राफिक्स कार्ड घालायला गेलात की अडलात.

कुठलाही घेतलात तरी घरच्या विजेचं बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पीसीला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो; दोनशे वॅटच्या वरचं कार्ड गेममध्ये पेटलं आणि त्यात मॉनिटरही त्यावर असला, की तो कोकलायला लागतो.

मला विचाराल, तर पहिलाच पीसी असेल आणि घरात याचा नाद असलेलं कोणी नसेल, तर पार्ट स्वतः निवडा आणि दुकानात समोर बसून जोडून घ्या. शनिवारी जाऊ नका, गर्दीत कोणी उभं करत नाही. निघण्याआधी रॅमचा वेग स्क्रीनवर बघा आणि एखादा गेम पंधरा मिनिटं चालवून दाखवा म्हणा. दुसरा पीसी असेल तर घरीच जोडा, जुन्यातली रॅम अन् एसएमपीएस तपासायला हाताशी असतातच. फक्त जुनी रॅम डीडीआर४ असेल तर डीडीआर५ च्या बोर्डात ती बसणार नाही.

बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत टाकायची नाहीत. आमच्याकडे ती माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी असतात, आणि दर भाद्रपदात आई विचारते, "ही रिकामी खोकी अजून किती दिवस?"