काकडीची तीन पाकिटं, आठ महिने: फुलं आली, फळं का नाही?

गेल्या आठ महिन्यांत मी गॅलरीत काकडीच्या बियांची तीन वेगवेगळी पाकिटं लावून पाहिली. उगवण तिन्हींची उत्तम झाली, वेलही जोमाने वाढले, त्यामुळे त्या बाबतीत कुणाबद्दलच तक्रार नाही. फरक पडला तो फुलांपासून पुढे. पाकिटावर बारीक अक्षरांत फुलांच्या प्रकाराची एक ओळ असते. ती न वाचल्यामुळे माझा जवळजवळ एक हंगाम वाया गेला. कुणी नव्याने काकडी लावत असेल तर त्याचा तरी जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितेय.

जागेबद्दल थोडं आधी सांगते. वीस-वीस लिटरच्या कुंड्या, दिवसाला सहा-सात तास ऊन, वेल चढवायला दोरीचा मांडव. किडे नकोत म्हणून सगळ्या बाजूंनी मी बारीक जाळी लावली होती. ही जाळी पुढच्या गोष्टीत सारखी येणार आहे.

पहिलं पाकीट साध्या वाणाचं होतं. यात एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. पाच-सहा आठवड्यांत वेल पिवळ्या फुलांनी भरला. आणि ती सगळी फुलं एक दिवस उमलून गळून पडायला लागली. आठवडाभर रोज सकाळी कुंडीभोवती पडलेली फुलं गोळा करताना फार वाईट वाटायचं. वेलाला अन्न कमी पडतंय असं समजून मी खत वाढवलं, आणि ते चुकलंच. नत्र जास्त झाल्याने वेल माजला, पानं ताटाएवढी झाली, फळाचा मात्र पत्ता नाही. खरं तर वेलाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. साध्या वाणात आधी नुसती नर फुलं येतात आणि मादी फुलं त्यानंतर साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांनी दिसू लागतात. हे आधी माहीत असतं तर मी शांतपणे वाट पाहिली असती.

दोन्ही फुलं ओळखणं सोपं आहे. नर फुलं पानाच्या बेचक्यात झुपक्याने येतात आणि त्यांचा देठ सरळ, बारीक असतो. मादी फूल बहुतेक वेळा एकटंच येतं आणि त्याच्या पाकळ्यांमागे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, लव असलेली काकडी आधीपासूनच असते. ती काकडी पाहून फळ धरलं असं मला वाटलं होतं. पण तो नुसता अंडाशय असतो. परागकण मिळाले तर तो फुगतो, नाहीतर टोकाकडून पिवळा पडत सुकतो. माझ्या पहिल्या सगळ्या मादी फुलांचं असंच झालं, कारण जाळीमुळे मधमाशी आत येतच नव्हती. काकडीचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडून ते दुसऱ्या फुलावर जात नाहीत. वेल हलवून काम होईल असं बरेच जण सांगतात. ते टोमॅटोला लागू पडतं, कारण तिथे नर आणि मादी भाग एकाच फुलात असतात. काकडीला त्याचा उपयोग नाही.

मग मी हाताने परागीभवन सुरू केलं. आधी मऊ कुंचला वापरला. निम्मे परागकण केसांतच अडकून राहायचे, म्हणून तो आठवड्यात सोडून दिला. त्यापेक्षा नर फूलच खुडावं, त्याच्या पाकळ्या अलगद काढाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे परागकण धरणाऱ्या मधल्या भागावर, टेकवत फिरवावा. ताजं टपोरं नर फूल असेल तर एकात दोन मादी फुलं होतात. वेळ मात्र सकाळचीच, फूल उमलल्यापासून नऊ-दहापर्यंत. मादी फूल एकच दिवस उघडं असतं. दुपारी करू म्हटलं की ते फूल हातचं गेलं. कडक उन्हाळ्यात तर पारा पस्तिशीच्या वर गेला की सकाळी केलेलंही पुष्कळदा फुकट जायचं, कारण तेवढ्या उष्णतेत परागकणच दुबळे होतात.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. मादी फुलातली कुक्षी नीट पाहिली तर तिचे तीन भाग दिसतात. आतला अंडाशयही तीन कप्प्यांचा असतो आणि त्यात शेकडो बीजांडं असतात. प्रत्येक बी धरायला एक परागकण लागतो आणि जिथे बिया धरतात तिथेच फळ नीट फुगतं. मी घाईत एकाच बाजूला परागकण टेकवत होते, त्यामुळे काकड्या कोयत्यासारख्या वाकड्या किंवा एका टोकाला चिमटा बसल्यासारख्या यायच्या. तिन्ही भागांवर सावकाश फिरवायला लागल्यापासून बहुतेक काकड्या सरळ येऊ लागल्या. मधमाशीचंही हेच असतं. एका फुलाला एक-दोन फेऱ्या पुरत नाहीत, आठ-दहा तरी व्हाव्या लागतात. (वाकडेपणाचं ते एकच कारण नव्हे. फळ वाढत असताना पाण्याची उपासमार झाली की चांगलं परागीभवन झालेली काकडीही आखडते. मी दोन दिवस बाहेर होते तेव्हा हे पाहिलंय.)

काम झालं की नाही ते दोन-तीन दिवसांत समजतं. छोटी काकडी गडद हिरवी होऊन खाली झुकायला लागली की फळ धरलं. पुढे आठवडा ते बारा दिवसांत ती काढायला येते.

दुसऱ्या पाकिटावर 'गायनोशियस' असं लिहिलं होतं, म्हणजे जवळजवळ सगळी मादी फुलंच देणारं. प्रत्येक पेरावर फळ मिळेल या आशेने मी ते आणलं. त्यात चार-दोन बिया वेगळ्या रंगाच्या होत्या. त्या खराब असाव्यात असं वाटून मी फेकून दिल्या. त्याच नेमक्या परागकण देणाऱ्या साध्या वाणाच्या बिया होत्या! अशा पाकिटात त्या थोड्या प्रमाणात मुद्दाम घातलेल्या असतात आणि ओळखू याव्यात म्हणून रंगवलेल्या असतात. पहिल्या खेपेचे वेल तोवर संपत आले होते. मादी फुलांनी गच्च भरलेला वेल, आणि नर फूल एकही नाही. महिनाभर छोट्या काकड्या पिवळ्या पडून गळताना पाहिल्या. वाणात दोष नव्हता, त्या रंगीत बिया लावल्या असत्या तर तो भरघोस देणारा वाण आहे. पण एखाद-दुसरीच कुंडी असलेल्याने हे पाकीट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मी जाळी काढली, शेजारी झेंडू लावला आणि सकाळची फवारणी बंद करून फुलं मिटल्यावर संध्याकाळी करायला लागले. दोन-तीन आठवड्यांत मधमाश्या येऊ लागल्या. सकाळी त्यांचा आवाज ऐकून झालेला आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

तिसरं पाकीट 'पार्थेनोकार्पिक', म्हणजे परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणाचं. यात बिया धरत नाहीत, धरल्या तरी नावापुरत्या. हे वेल मी नव्याने लावलेल्या साध्या वाणाच्या कुंड्यांशेजारी ठेवले, मधमाश्याही होत्या, आणि काकड्या आल्या त्या खालच्या टोकाला फुगलेल्या, आत जाड बिया असलेल्या. या वाणाला बाहेरचे परागकण मिळाले की नेमकं असं होतं. जी जाळी पहिल्या वाणाला बाधली, तीच याला हवी होती. हे वेल खोलीच्या खिडकीत जाळीआड हलवल्यावर लांब, सरळ, सालीने पातळ काकड्या येऊ लागल्या, त्याही हात न लावता. बंद गॅलरी, उंच मजला किंवा सकाळी घाई असणाऱ्यांनी हेच घ्यावं. चव साध्या वाणाची मला जास्त आवडली, पण उन्नीस-बीसच.

कडवटपणाबद्दल थोडंसं. शेजारी कारलं किंवा दोडका असला की परागकण मिसळून काकडी कडू होते, हे मला निदान चौघांनी सांगितलं. तसं होत नाही. काकडीचा या वेलांशी संकर होत नाही, आणि दुसऱ्या काकडीशी झाला तरी तो बियांत उतरतो, म्हणजे पुढच्या पिढीत दिसतो. कडूपणा काकडीच्याच अंगातल्या कुकरबिटासिन या द्रव्याचा असतो. ऊन आणि पाण्याचा ताण पडला की तो वाढतो आणि देठाकडे, सालीखाली जास्त असतो.

शेवटची गोष्ट काढणीची. काकडी कोवळी असतानाच काढत राहायला हवं. एक जरी वेलावर पिकायला राहिली तरी वेल आपलं बळ तिच्या बियांकडे वळवतो आणि वरची नवी फळं धरेनाशी होतात. मी एरवी हे कसोशीने पाळते. फक्त साध्या वाणाच्या एका वेलावर एक काकडी बियांसाठी राखली आहे. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवली, सकाळी परागीभवन केलं आणि मादी फूल पुन्हा बांधलं, म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग शिरला नाही. आता ती पिवळी, जाडजूड झाली आहे. तिच्या वरच्या दोन मादी फुलांनी या आठवड्यात माना टाकल्या, तरी ती मी काढणार नाही.