घरी बांधलेली बुलेट: आठ महिने, ६,२०० किलोमीटर

गाडी १९८९ची, सीआय म्हणजे कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट. गेल्या पावसाळ्याआधी तिची कॅफे रेसर, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी वाकून चालवायची गाडी, करून रस्त्यावर काढली. क्लिप-ऑन म्हणजे पुढच्या फोर्कवर खाली बसणारं हँडल, मागे सरकवलेले फुटरेस्ट, सिंगल सीट. बायको आठ महिन्यांत एकदाही मागे बसलेली नाही. तिच्या मते बदलांपैकी हाच एक जमला.

माझ्या या खुळाचं मूळ कॅलिफोर्नियात. तिथे ‘सायकल’ नावाचं मासिक निघायचं, नाव सायकल पण विषय मोटरसायकल. संपादक कुक नीलसन शर्यतीत उतरायचा आणि त्याचा सहकारी फिल शिलिंग गाडी तयार करून द्यायचा. डुकाटी ७५० सुपर स्पोर्ट घेतली, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवत इंजिन ८८३ सीसीपर्यंत नेलं. तीच ‘ओल्ड ब्लू’. १९७६ला अमेरिकेतल्या डेटोनाच्या सुपरबाइक शर्यतीत दोन बीएमडब्ल्यू पुढे गेल्या, हे तिसरे. पुढच्याच वर्षी पहिले! कारखान्याचा संघ नाही. दिवसा लेख लिहायचे आणि उरलेल्या वेळात इंजिन उघडायचं.

शिलिंग २०१५ला गेला. मला त्याचं कौतुक वेगासाठी नाही, चिकाटीसाठी आहे. त्या डुकाटीत व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही, त्यालाही वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दांडा). म्हणजे चार व्हॉल्व्ह आणि आठ मापं, प्रत्येक शिम (पातळ चकती) लावून जुळवायचं. आणि माझ्या बुलेटला पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) दोनच, तरी मी टॅपेट, म्हणजे त्यांची फट, ‘अंदाजे’ लावले होते. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, एवढंच बघायचं असतं. माझा एक्झॉस्टचा घट्ट राहिला. ताम्हिणीत गाडी तापली, व्हॉल्व्ह नीट बसेना, कॉम्प्रेशन गेलं. पाऊण तास धबधबा बघितला. गार झाल्यावर दुसऱ्या किकला सुरू!

गिअरचा त्रास मात्र संपलेला नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला. फुटरेस्ट मागे गेल्यावर मध्ये लांब दांडी आली. लेथवाल्याने केलेल्या सांध्यांत दोन हजार किलोमीटरमध्ये प्ले (ढिलेपणा) आला आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये खोटा न्यूट्रल लागायला लागला, म्हणजे गिअर पडतच नाही. नाना पेठेतून बॉल जॉइंट आणून बसवले, आता बरं आहे. व्हायब्रेशनने नंबर प्लेटची पट्टी दोनदा तुटली. ॲव्हरेज तीसच्या आसपास, पूर्वीइतकंच. वेग वाढलेला नाही; खाली वाकून बसल्यामुळे वाढल्यासारखा वाटतो.

इंजिन, चासी आणि रंग आरसीप्रमाणेच ठेवलेत. २०१९च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करताना विचार केलेला बरा. सायलेन्सरही मूळचाच, पुण्यात पोलीस आवाज करणारे सायलेन्सर रोलरखाली घालतात, तेव्हा तो मोह नकोच.

मनगटांनी मात्र हार मानली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लिप-ऑन म्हणजे शिक्षा आहे. पुढच्या रविवारी मूळ हँडल परत चढतंय. क्लिप-ऑन विकायचेत, उजव्यावर एक ओरखडा आहे, किंमत त्या हिशेबाने लावू.