टॅग २४ उन्हाळी भुईमूग : पेरणीपासून घाणीपर्यंतचा अनुभव

आमच्या वाशिमकडे मार्चपासून विहिरी झपाट्यानं खाली जातात. उन्हाळी भुईमुगाला लवकर निघणारं वाणच हवं, म्हणून यंदा एसबी ११ सोडून टॅग २४ पेरलं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेलं हे वाण जुनं आहे. तरी शेतकरी ते का सोडत नाहीत, ते शेंगा तोडताना समजलं.

उभं पीक पाहून आधी मन खट्टू होतं. झाड बुटकं, पानं गर्द हिरवी, पसारा नाहीच. पण पेरं आखूड असल्यानं फुलं जमिनीलगत लागतात आणि आऱ्या, म्हणजे फुलातून निघून टोकाला शेंग धरणारे देठ, लगेच मातीत शिरतात. उंच वाणांच्या वरच्या आऱ्या हवेतच वाळतात, त्या मातीला टेकवायला पिकावरून रिकामा ड्रम फिरवावा लागतो. इथे गरज पडली नाही. झाड उपटलं की शेंगांचा घोस बुडाशीच, त्यामुळे तोडणाऱ्या बायांचे हात भराभर चालले. बहुतेक शेंगा दोनदाणी, दाणा मध्यम.

डवरणी (तासांमधली कोळपणी) आऱ्या सुटण्याआधीच उरकली आणि तेव्हाच कॅल्शियम पुरवणारं जिप्सम दिलं. शेंग आपलं कॅल्शियम भोवतालच्या मातीतून थेट घेते. मुद्दाम जिप्समविना ठेवलेल्या तासांत पोचट शेंगा डोळ्यांत भरण्याइतक्या जास्त निघाल्या. जातिवंत बियाणंसुद्धा याला पर्याय नाही.

उणीव दोन ठिकाणी जाणवली. कुटार कमी निघतं. जनावरं जास्त असतील त्यांनी हे आधी मोजावं. टिक्का आणि तांबेरा हे पानांवरचे रोगही या वाणाला चुकत नाहीत, पानांवर लक्ष ठेवावंच लागतं.

सर्वांत जपायची गोष्ट काढणी. या दाण्याला सुप्तावस्था नाही. शेंग पक्व झाली आणि जमिनीत ओल मिळाली की तो तिथेच कोंब धरतो. टरफल आतून काळं दिसू लागताच आम्ही उपटणी लावली, वळवाची वाट पाहिली नाही.

दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, घाणीवरही उतारा समाधानकारक आला. भाजलेला दाणा गोडसर लागतो, ठेच्यात तर फारच छान. पुढच्या पेऱ्याचं बी शेंगेतच ठेवलंय, पेरणीच्या तोंडावर हातानं फोडू.

पाण्याची सोय असेल त्यांनी उन्हाळ्यात जरूर लावावं. खरिपात मात्र काढणीला पाऊस हटत नाही अशा शिवारात मी ते सुचवणार नाही.