सिरोसची मिठाई की सिफ्नोसची भांडी?

ग्रीसला जाऊन आलेल्यांच्या घरी सांतोरिनीचं फ्रिज मॅग्नेट असतंच. ते सोडून, बेटावरच बनलेलं काहीतरी आणायचं असेल तर सिक्लादीस बेटांपैकी दोन माझ्या पसंतीची आहेत, सिरोस आणि सिफ्नोस. दोन्हीकडे अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोट मिळते. सुट्टी मोजकी असेल तर मात्र एकच निवडावं लागतं.

सिरोस म्हणजे लुकुमी, मऊ वड्यांची मिठाई. तिथलं एर्मूपोली हे शहर वसवण्यात ऑटोमन सैन्याने १८२२मध्ये केलेल्या कत्तलीतून वाचून आलेल्या खिओस बेटाच्या लोकांचा मोठा वाटा आहे. लुकुमीची विद्याही त्यांनीच आणली असं मानतात. साखर, पाणी आणि स्टार्च कढईत घोटत राहायचं, गुलाब, बर्गामोट (लिंबाच्या जातीचं सुगंधी फळ) किंवा मस्तिखा या झाडाच्या सुगंधी डिंकाचा स्वाद द्यायचा, थापून थंड झालं की वड्या पाडायच्या आणि पिठीसाखरेत घोळवायच्या. पारंपरिक लुकुमीत जिलेटिन नसतं, म्हणून शाकाहारी माणसांसाठीही चालते. शेजारीच हालवादोपिता मिळते: दोन पातळ वेफर्सच्या मधे मध, साखर आणि भाजलेल्या बदामांचा थर. चवीला मला लुकुमीपेक्षा हीच आवडली, पण तिच्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. घरात अंडं न खाणारी मंडळी असतील तर आधीच सांगून टाका, नाहीतर खाऊन झाल्यावर प्रश्न येतात.

एवढं सगळं छान आहे. पण आपण उन्हाळ्यात ग्रीसला जातो आणि परत येतो तेव्हा मुंबईत पाऊस कोसळत असतो. लुकुमीचे डबे मी घरी उघडले तेव्हा पिठीसाखर दिसेनाशी झाली होती. पावसाळ्यात गुळाला पाझर सुटतो तसा वड्यांना सुटला होता. सगळ्या एकमेकींना चिकटून एकच लगदा, त्यात बटर पेपर रुतलेला. सुरी ओली करून कापल्या, वरून घरची पिठीसाखर भुरभुरली, तासाभरात पुन्हा तेच. हालवादोपिताचं वेफर तर मऊ पडून दातांना चिकटायला लागलं. नातेवाईक सौजन्याने “वेगळंच आहे हो” म्हणाले आणि डबा पुढे सरकवला. कदाचित कोरड्या हवेच्या गावी असं होणार नाही. नागपूरकरांनी उन्हाळ्यात आणून बघावं.

सिफ्नोसला ही भानगड नाही. तिथली माती उष्णता सोसणारी, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांची परंपरा जुनी आहे. कामारेस या बंदरावर उतरलात की कुंभारांची दुकानं जवळच दिसतात. वाथीच्या खाडीतही आहेत. स्केपास्तारिया म्हणजे झाकणाचं गोल भांडं. शनिवारी रात्री काबुली चणे, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल त्यात भरून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चनंतर खातात. मास्तेलो हे ईस्टरच्या मटणाचं भांडं. गावात फिरताना धुराड्यांवरची मातीची नक्षीदार टोपडी, म्हणजे फ्लारोस, नक्की वर बघून पाहा. ती मात्र सामानात मावणार नाहीत.

तोटे आहेत. भांडी जड, सात किलोच्या हँडबॅगेत एखादंच बसतं, आणि दुपारी बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं. मी स्केपास्तारियाच्या आत मोजे कोंबले, झाकण वेगळं टी-शर्टात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन आलो. टवकाही उडाला नाही. गॅसवर थेट चालेल की फक्त ओव्हनमध्ये, हे घेतानाच कुंभाराला विचारा. माझं ओटीजीत जातं, मंद आचेवर चणे असे काही शिजतात की प्रेशर कुकरवाले चणे पुन्हा खावेसे वाटत नाहीत. मिठाई हवीच असेल तर सिफ्नोसवरच्याच आर्तेमोनास गावात बदामाची आमिग्दालोता घ्या आणि बोटीतच संपवा.

तरीही कुणी दिवाळीच्या सुमारास जाणार असेल तर मी सिरोसच सांगेन. ते सिक्लादीसचं प्रशासकीय केंद्र, म्हणून हिवाळ्यातही गजबजलेलं असतं. सिफ्नोसवरची बरीच दुकानं तोवर मिटलेली असतात, आणि आपल्याकडची हवाही तेव्हा लुकुमीला मानवेल.