१८० पेसोंचं काम १९८० पेसोंना : सायुलिताला जाताना फसलो ते

डिसेंबरात आम्ही डॅलसहून मेक्सिकोला जाऊन आलो. मी, नवरा आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. आईंकडे अमेरिकेचा व्हिसा होता त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागला नाही, नवरा म्हणाला चला मग, चार दिवस समुद्र बघून येऊ. सायुलिता म्हणून छोटं गाव आहे, नायारित राज्यात, सर्फिंगवाल्यांचं. विमानतळ मात्र शेजारच्या हालिस्को राज्यात, प्वेर्तो वायार्ताला. मधे ४० किलोमीटर. या ४० किलोमीटरमधेच आमचा बाजार उठला.

खरं तर मी सगळं वाचून गेले होते हो. विमानतळाच्या समोरूनच हायवे २०० जातो, त्यावरचा पादचारी पूल ओलांडायचा, पलीकडे कोम्पोस्तेला नावाच्या कंपनीची पांढरी-हिरवी बस येते, काचेवर सायुलिता लिहिलेलं असतं, तासाभरात पोचवते. पण आईंचे गुडघे, दोन बॅगा, दुपारचं ऊन, म्हटलं बघू टॅक्सीचं काय ते. हीच चूक.

कस्टममधून बाहेर आलं की काचेचं दार उघडतं आणि तुम्हाला वाटतं आलो बाहेर. बाहेर नाही आलेले तुम्ही. अजून एक हॉल आहे, दोन्ही बाजूंना काउंटर, आणि इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं, तुमचं नाव माहीत असल्यासारखी हात करतात. टॅक्सी? सायुलिता? धिस वे! आई म्हणाल्या, "अगं, हे आपल्या स्वारगेटसारखंच की, सातारा-सातारा करत अंगावर येतात तसं." आम्ही हसलो. हसायला नको होतं.

एकजण फार गोड होता. आईंची बॅग धरली, बसायला स्टूल दिलं, नमस्ते म्हणाला. मी बसचं विचारलं तर मान हलवून म्हणतो, नो कामियोन टुडे. (मेक्सिकोत बसला कामियोन म्हणतात, मला आधी वाटलं ट्रकचं काहीतरी सांगतोय.) रस्त्याचं काम चालू आहे, बस बंद, टॅक्सी शंभर डॉलर, पण माझ्याकडून घेतलीत तर टॅक्सी फुकट, फक्त ५०० पेसो डिपॉझिट, ते उद्या परत. उद्या का? तर उद्या सकाळी एका रिसॉर्टवर ब्रेकफास्ट, ९० मिनिटं, बस एवढंच.

आता बघा, या माणसाने मला काय काय विचारलं. तुमचं लग्न झालंय का, नवरा हाच ना, क्रेडिट कार्ड आहे का, नोकरी काय करता. टॅक्सीवाल्याला माझ्या लग्नाचं काय करायचंय? पण तेव्हा डोक्यात आलंच नाही, विमानातून उतरल्यावर डोकं तसंही अर्धंच चालतं. ते सगळे टाइमशेअर विकणारे, म्हणजे रिसॉर्टमधे दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क आधीच पैसे घेऊन विकतात ते. नवरा-बायको दोघं असल्याशिवाय आणि खिशात कार्ड असल्याशिवाय त्यांना तुमचा उपयोग नसतो म्हणून ते प्रश्न. असं कुणी विचारलं की तिथूनच वळायचं, थांबून उत्तर पण द्यायचं नाही. आणि कुणी चुकून त्या ब्रेकफास्टला जाऊन सही करून बसलाच तर मेक्सिकोच्या नियमाप्रमाणे कामाचे ५ दिवस असतात रद्द करायला, लेखी कळवायचं, गप्प बसायचं नाही.

तर आम्ही ५०० दिले. गुलाबी पावती मिळाली, स्पॅनिशमधे, वाचली नाही. तो आम्हाला बाहेर घेऊन गेला, एका गाडीत बसवलं, ड्रायव्हरच्या कानात काहीतरी बोलला आणि गेला.

रस्ता छान आहे, बुसेरियास सोडलं की दोन्ही बाजूंना दाट झाडी, वळणं, आई आंबा घाट आठवत होत्या. बस बंद म्हणे, आणि आमच्या समोरून पांढरी-हिरवी बस गेली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

गावात उतरलो तर ड्रायव्हर म्हणतो हजार. मी गुलाबी पावती दाखवली. त्याने ती घेतली, वाचली, हसून परत दिली. पावती त्या माणसाची, गाडी माझी. भर रस्त्यात, बॅगा अजून डिकीत, मागे गोल्फ कार्टवाले हॉर्न मारतायत (त्या गावात सगळे गोल्फ कार्टनेच फिरतात), काय भांडणार. मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या.

इथे नीट वाचा. त्याने नोटा घेतल्या, डिकी उघडायला मागे वळला, परत आला आणि हात पुढे केला, हातात एक ५००ची आणि एक २०ची. सेन्योरा, ही वीसची आहे. मी बघितलं तर खरंच वीसची. दोन्ही निळ्या, दोन्हींवर मेक्सिकोचे जुने राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचंच तोंड. मी उलट सॉरी म्हटलं! वीसची परत घेतली, अजून एक पाचशेची दिली, तो ग्रासियास म्हणून गेला.

संध्याकाळी टाको खाताना नवरा पैसे मोजायला लागला. डॅलसच्या बँकेतून आम्ही ३००० पेसो आणले होते, पाचशेच्या ६ नोटा, दुसरी एकही नोट नव्हती. तोपर्यंत कुठे साधं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं म्हणजे सुट्टे यायचा प्रश्नच नाही. मग माझ्या पर्समधे वीसची आली कुठून? पाच मिनिटं कुणी बोललंच नाही.

आईंनी ती नोट हातात घेतली, बोटांनी चोळली, म्हणाल्या, "ही तर प्लॅस्टिकची आहे गं." खरंच की. ती निळी वीसची प्लॅस्टिकची असते, आरपार दिसणारी छोटी खिडकी असते, आकारानेही लहान. पाचशेची कागदाची, मागे देवमासा आणि त्याचं पिल्लू. डोळ्यांना फसवते पण बोटांना नाही फसवत. आता मी नोट देताना मोठ्याने बोलते, किन्येंतोस, म्हणजे पाचशे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरते, आणि बॅगा हातात आल्याशिवाय देतच नाही.

पावतीवरच्या नंबरला फोन लावून बघितला, कुणी उचलला नाही. ब्रेकफास्टला गेलो नाही, डिपॉझिट गेलं.

गाव मात्र सुंदर आहे, रस्त्यावर आपल्या गणपतीतल्यासारख्या रंगीत कागदी पताका, ते फोटो नंतर टाकते.

परत येताना बसनेच आलो. जाताना पूल ओलांडावा लागतो, येताना तोही नाही, बस विमानतळाच्या बाजूलाच सोडते, आणि आईंचे गुडघे एकदम ठीक होते. माणशी ६० पेसो, ड्रायव्हरच तिकीट देतो. नवऱ्याने २०० दिले, त्याने वीसची निळी नोट परत दिली. आईंनी ती मधल्यामधे घेतली, उजेडात धरून खिडकी बघितली, अंगठ्याने चोळली, उलटी करून बघितली. ड्रायव्हर हसत बसला होता, मागे रांग थांबली होती.