पेशीचं मॉडेल दणकट आहे, पण गॉल्गी उलटा बसवलाय (५ पैकी ३ स्टार)

अकरावीच्या वर्गासाठी प्राणीपेशीचं हे मोठं मॉडेल मागवलं, दोन महिने वापरून मग लिहितेय. मटेरियल दणकट, रंग मागच्या बाकावरून पण ओळखू येतात, भाग सुटे करून मुलांच्या हातात देता येतात, त्याबद्दल काही तक्रार नाही.

पण प्रोटीन कसं बनतं आणि पेशीबाहेर कसं जातं हे शिकवायला घेणार असाल तर थांबा जरा. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर (पेशीतलं पडद्यांचं जाळं) रायबोसोमचे, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या कणांचे, लाल ठिपके आतून पण रंगवलेत. अहो, रायबोसोम बाहेरच्या बाजूला चिकटतात आणि प्रोटीनची साखळी बनता बनता आत सरकते, तेच तर मुलांना दाखवायचंय! आणि गॉल्गी, म्हणजे प्रोटीन पॅक करून पुढे पाठवणारा भाग, चक्क उलटा. फुगीर बाजू जालिकेकडे हवी, माल तिकडून येतो, इथे ती पेशीपटलाकडे केलीय. एका मुलीने विचारलं, मॅडम मग माल शिरतो कुठून? शेवटी मी तो कटरने सोडवून फेविक्विकने सरळ बसवला.

सोबतच्या पुस्तिकेत नुसती भागांची नावं आहेत, प्रोटीनचा प्रवास कुठेच नाही. जॉर्ज पॅलेड यांनी स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन हाच रस्ता टप्प्याटप्प्याने शोधला, १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, दोन ओळी तरी द्यायच्या ना.

मग मी इन्सुलिन या प्रोटीनसाठी ११० मण्यांची माळ ओवली, एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. पहिले २४ पिवळे, तो साखळीला जालिकेकडे नेणारा सिग्नल, जालिकेत शिरताना कापायचा, उरले ८६. आत घडी पडते, साखळीचे भाग एकमेकांना जोडणारे तीन डायसल्फाइड बंध बसतात, त्याला तीन सेफ्टी पिना. गॉल्गीतून निघालेल्या पिशवीत मधले ३५ मणी कापले तेव्हा मुलांना वाटलं माळ आता सुटणार, पण २१ आणि ३० च्या दोन साखळ्या पिनांनी धरून ठेवल्या आणि वर्गात एकदम आवाज झाला! कापलेल्यातला ३१ चा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड, तोही इन्सुलिनसोबतच रक्तात येतो, म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे बघायला डॉक्टर तो मोजतात. एका मुलाच्या आजीच्या रिपोर्टवर हेच नाव होतं, दुसऱ्या दिवशी तो रिपोर्टच घेऊन आला.

कंपनीला दोन्ही चुकांचे फोटो पाठवलेत, अजून उत्तर नाही. नवीन लॉटमध्ये गॉल्गी सरळ आला असेल तर कोणीतरी खाली सांगा, मला शाळेसाठी अजून एक घ्यायचंय.