सोलापुरी जेकॉर्ड चादर : कारखान्याच्या विक्री केंद्रातील खरेदी

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका यंत्रमाग कारखान्याला लागून असलेल्या विक्री केंद्रातून आम्ही डबल बेडची सुती जेकॉर्ड चादर घेतली. आता ती अनेकदा धुऊन झाली आहे, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

चादर उचलताच तिचे वजन जाणवते. नक्षी दोन्ही अंगांना सारखीच आहे, रंग मात्र उलटे : एकीकडे निळ्या जमिनीवर पांढरा मोर, तर दुसरीकडे पांढऱ्या जमिनीवर निळा. ही छपाई नव्हे. नक्षी विणतानाच कापडात उतरते आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, कोणता धागा केव्हा उचलला जावा हे जेकॉर्डवरील (मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावरील) छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून ठरते. एक धागा तुटून तसाच राहिला तरी पिसाऱ्यात उभी रेघ दिसू लागते, म्हणून मागावरच्या माणसाची नजर तयार असावी लागते. आमच्या चादरीत अशी रेघ कुठेही नाही.

ही नजर शहरात कोठून आली, हे सोलापुरात राहणाऱ्याने विसरू नये. येथे १८६० मध्ये रेल्वे पोहोचली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या. निजामाच्या राज्यातील तेलंगणात दुष्काळाने आणि घटत्या मिळकतीने गांजलेली पद्मशाली विणकर कुटुंबे या शहराकडे वळली, कारण येथे त्यांच्या हातातील कसबाला दाम मिळत होता. गिरणीत रोजगार होता, बाजारात सूत मिळत होते, विणलेल्या मालाला गिऱ्हाईक होते आणि चार पैसे साठले की घरात स्वतःचा माग टाकता येत होता. माझ्या मते ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची ठरली, कारण पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तरी शहराच्या पूर्व भागातील या विणकरांचे माग चालूच राहिले. पद्मशालींचे आराध्य मार्कंडेयाचे मंदिर, तेलुगू बोलणाऱ्या पेठा आणि भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर, सगळे त्याच ओघाने आले.

विक्री केंद्रातील वागणूक चांगली होती. विनंती केल्यावर आम्हाला माग पाहू दिले. तेथील एका वयस्क कारागिराने मागावरची नजर न हटवता सांगितले, “पोरं पुण्याला गेली, साहेब. इथं नगावर मजुरी, तिथं महिन्याचा पगार.” ज्या हिशेबाने त्यांचे आजोबा सोलापुरात आले, त्याच हिशेबाने मुले बाहेर पडत आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. चादरीच्या किमतीतील किती वाटा विणणाऱ्यापर्यंत पोहोचतो, याचा विचार कारखानदारांनी आणि आपण गिऱ्हाइकांनीही केला पाहिजे.

उणिवाही आहेत. पहिल्या काही धुण्यांत निळा रंग सुटला, म्हणून ती वेगळीच धुवावी लागली. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही. काठाची शिलाई विणीच्या मानाने कच्ची असल्याने आम्ही ती पुन्हा घालून घेतली. केंद्रात सुती आणि मिश्र धाग्याच्या चादरी एकाच थप्पीत ठेवल्या होत्या आणि कोणत्याही चादरीवर वजन लिहिलेले नव्हते. सोलापूरच्या नावावर बाहेरचा हलका माल सर्रास खपत असताना खुद्द सोलापुरात तरी असे होऊ नये. घेताना चादर काट्यावर ठेवायला सांगावे, धागा निखळ सुती आहे का ते विचारावे आणि तसे पावतीवर लिहून घ्यावे.